आधी लेहरा पकडा: महाविष्णू ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

महाविष्णू ऑर्केस्ट्रा या सत्तरच्या दशकातल्या रॉक-जॅझ बँडचा पहिला अल्बम लावला की दोन-तीन मिनिटांत गोंधळ उडतो. गाणारं कुणी नाही. चाल धरावी म्हटलं तर हाती लागत नाही. गिटार, व्हायोलिन, कीबोर्ड आणि ड्रम सगळे एकदम धावत सुटलेले. बरेच जण तिथेच बंद करतात आणि 'हे आपल्यासाठी नाही' असं ठरवून टाकतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तालाच्या आवर्तनात वाढलेल्या मराठी कानाला हे संगीत जितकं लवकर उलगडू शकतं तितकं क्वचितच कुणाला उलगडेल. फक्त सुरुवात योग्य जागेवरून करायला हवी. ती जागा म्हणजे लेहरा.

तबल्याचा एकल कार्यक्रम ऐकला असेल तर लेहरा माहीत असेलच. हार्मोनिअम किंवा सारंगीवर एकच छोटी ओळ शेवटपर्यंत फिरत राहते. ती आवर्तन सांभाळते, म्हणून तबलजी कुठेही भटकून समेवर परत येऊ शकतो. महाविष्णू ऑर्केस्ट्राच्या बहुतेक रचनांमध्ये नेमकं हेच घडतं. गिटारची किंवा बासची, म्हणजे खालच्या स्वरांच्या गिटारची, एक ओळ गोल फिरत असते आणि बाकीचे तिच्या जिवावर उड्या मारत असतात. नवा श्रोता उड्या मारणाऱ्यांच्या मागे लागतो आणि दमतो. तुम्ही फिरणारी ओळ पकडा. खालच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत.

पायरी १: कोण वाजवतंय ते ओळखा

नावात ऑर्केस्ट्रा असला तरी वाजवणारे पाचच. जॉन मॅक्लॉफलिन हा इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा गिटारवादक, जन्म १९४२. तो १९६९ मध्ये न्यूयॉर्कला आला, जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे' आणि 'बिचेस ब्रू' या अल्बमांवर वाजवला, आणि १९७१ मध्ये त्याने स्वतःचा बँड उभा केला. ड्रमवर बिली कोबम, जन्म पनामाचा. कीबोर्डवर प्रागहून अमेरिकेत आलेला यान हामर. व्हायोलिनवर शिकागोचा जेरी गुडमन आणि बासवर डब्लिनचा रिक लेअर्ड. मॅक्लॉफलिन त्या काळात श्री चिन्मय या आध्यात्मिक गुरूंचा शिष्य होता, आणि 'महाविष्णू' हे नाव त्याला त्यांनीच दिलं. हे पाच जण १९७३ च्या अखेरपर्यंत एकत्र होते. तेवढ्या काळात स्टुडिओत केलेले त्यांचे दोन अल्बम बाहेर आले: १९७१ चा 'द इनर माउंटिंग फ्लेम' आणि १९७३ चा 'बर्ड्‌स ऑफ फायर'. सुरुवातीला हे दोनच पुरे.

यांना रॉक म्हणायचं की जॅझ, हा वाद जुना आहे. आवाजाची ताकद आणि विजेवरची वाद्यं रॉकची, आयत्या वेळी सुचेल ते वाजवायची रीत जॅझची, आणि लांबलचक, विषम मोजणीच्या रचना त्या काळच्या प्रोग्रेसिव्ह रॉकशी नातं सांगणाऱ्या. नावावर वेळ घालवू नका.

वाद्यांचे आवाज वेगळे ओळखता येणं मात्र फार महत्त्वाचं आहे, कारण इथली खरी अडचण तीच आहे. गिटार, विजेवरचं व्हायोलिन आणि हामरचा मिनीमूग सिंथेसायझर ही तिन्ही वाद्यं त्याच उंच पट्टीत, त्याच वेगाने, कधीकधी तीच ओळ एकत्र वाजवतात. काही खुणा सांगतो. व्हायोलिनचा स्वर लांबवला तरी त्याची ताकद कमी होत नाही, उलट वाढवता येते; गजाचा श्वास त्यात ऐकू येतो. गिटारच्या प्रत्येक स्वराला सुरुवातीला टोक असतं, मॅक्लॉफलिनचं तर फारच तीक्ष्ण, कारण तो जवळजवळ प्रत्येक स्वर नखीने स्वतंत्रपणे छेडतो. मिनीमूगचा स्वर गुळगुळीत असतो आणि हामर बाजूचं चाक फिरवून त्याला मींड देतो, त्यामुळे तो गिटारसारखा भासतो. पहिल्या अल्बमवर मिनीमूगचा प्रश्न फारसा येत नाही. तिथे हामर प्रामुख्याने फेंडर ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोवर आहे, आणि कधी तो आवाज मुद्दाम खरखरीत, घंटेसारखा वाकडा केलेला आहे. म्हणून पहिल्या अल्बमपासून सुरुवात करणं कानाला सोपं जातं.

पायरी २: फोनच्या स्पीकरवर ऐकू नका

हा सल्ला तुम्ही शंभर ठिकाणी वाचला असेल. इथे त्याला ठोस कारण आहे. फोनच्या छोट्या स्पीकरमधून बासचे खालचे स्वर नीट येतच नाहीत. आणि या बँडमध्ये लेहरा सांभाळण्याचं काम बऱ्याचदा रिक लेअर्डच्या बासकडे असतं. बास गेला की नकाशाच गेला, आणि उरते ती नुसती धावपळ. साधे हेडफोन चालतील, महागडे नकोत. आवाज बेताचा ठेवा, कारण यांच्या रचना कुजबुजीपासून थेट गर्जनेपर्यंत जातात आणि मधे सूचना देत नाहीत.

गाण्यांचा क्रम आपोआप बदलणारी सोयही बंद करा. क्रम आपण ठरवणार आहोत.

पायरी ३: पहिल्या गाण्यापासून सुरुवात करू नका

'द इनर माउंटिंग फ्लेम' मधली पहिली रचना 'मीटिंग ऑफ द स्पिरिट्स' ही अप्रतिम आहे, पण नव्या श्रोत्याला बाहेर ढकलणारीही तीच. सरळ सातव्या रचनेवर जा: 'यू नो यू नो'.

इथे गिटारवर एक छोटी, हळू, उकलत जाणारी ओळ आहे. ती सुरू होते आणि जवळजवळ तशीच शेवटपर्यंत राहते. कुणी त्यावर लांब सोलो घेत नाही. अधूनमधून सगळे मिळून एखादा ठोसा मारतात आणि पुन्हा शांत होतात. या सगळ्यात खरा बोलणारा आहे कोबम. ओळ स्थिर आहे म्हणून तो मधल्या मोकळ्या जागांत ड्रमवर वाक्यंच्या वाक्यं बोलतो.

ही रचना दोनदा ऐका. पहिल्या खेपेला फक्त गिटारच्या ओळीकडे लक्ष द्या, ड्रमकडे मुद्दाम दुर्लक्ष करा. ओळ मनात गुणगुणता आली पाहिजे. दुसऱ्या खेपेला ती ओळ मनात चालू ठेवून फक्त ड्रम ऐका. मोजू नका. तबल्याचा सोलो ऐकताना लेहरा कानामागे ठेवतो, तसं. दुसऱ्या खेपेला जर असं वाटलं की कोबम नेमका कुठे परत येणार हे तुम्हाला आधीच कळतंय, तर निम्मं काम झालं. नाही वाटलं तर आणखी एकदा. घाई करण्यासारखं इथे काही नाही.

(ही ओळ ओळखीची वाटली तर नवल नाही. ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या बँडने ती १९९१ मध्ये आपल्या 'वन लव्ह' या गाण्यात उचलून वापरली आहे.)

पायरी ४: आता हाताने मोजा

मोजणीची भीती वाटून घेऊ नका. आपल्याकडे सातचा रूपक, दहाचा झपताल, चौदाचा धमार हे रोजचे. पाश्चात्त्य रॉकच्या श्रोत्याला चार सोडून दुसरा आकडा आला की अडखळायला होतं. आपल्याला तसं व्हायचं कारण नाही.

पहिल्या अल्बममधलंच 'डॉन' लावा. सात. सुरुवात संथ आहे, त्यामुळे बोटांवर मोजता येतं. पण एक काळजी घ्या: रूपकाचे बोल त्यावर चढवू नका. रूपकात सम आणि खाली एकाच जागी येतात आणि सातचे तीन-दोन-दोन असे विभाग ठरलेले असतात. इथे तसा ठेका नाही. विभाग कोबम आपल्या मर्जीने बदलतो. तुम्ही फक्त एक ते सात म्हणा आणि ओळ पुन्हा कुठे सुरू होते ते बघा. मधे वेग वाढेल, तिथे मोजणी सुटेल. सुटू द्या. संथ भाग परत येतो तेव्हा पुन्हा धरा.

पुढची रचना 'व्हायटल ट्रान्सफॉर्मेशन'. ही सुरू होते नुसत्या ड्रमने, आणि आवर्तन नऊचं. इथे नवे श्रोते हमखास एका जागी अडकतात. वेग इतका आहे की हात आपोआप निम्म्या गतीने टाळी द्यायला लागतो. मग एका आवर्तनात साडेचार टाळ्या येतात: पहिल्या फेरीत टाळी समेवर पडते, दुसऱ्या फेरीत समेच्या बाजूला, तिसऱ्या फेरीत पुन्हा समेवर. ऐकणाऱ्याला वाटतं की बँड मधेच ताल बदलतोय. बँड काही बदलत नाही. टाळीची गती दुप्पट करा, नऊच्या नऊ मात्रा मोजा, सगळं जागेवर येईल. विषम आकड्याची कुठलीही जलद रचना अशी एक फेरी सोडून एक फेरी निसटायला लागली, तर आधी हाच उपाय करून बघा. या बँडपुरताच नाही, सगळ्या प्रोग्रेसिव्ह रॉकला हा उपाय लागू पडतो.

हे जमल्यावर दुसऱ्या अल्बमकडे वळा. त्याचं शीर्षकगीत 'बर्ड्‌स ऑफ फायर' गाँगच्या, म्हणजे धातूच्या मोठ्या, घुमणाऱ्या तबकडीच्या टोल्यांनी सुरू होतं, आणि त्यातून गिटारची एक खटके घेत फिरणारी ओळ वर येते. आवर्तन अठराचं. अठरा मोजत बसण्यापेक्षा ओळ पाठ करणं इथे सोपं आहे, आणि माझ्या मते बरोबरही तेच आहे. व्हायोलिन आणि गिटार मिळून वरची मुख्य चाल घेतात ती लांब, ताणलेल्या स्वरांची आहे. खालची ओळ मात्र अस्वस्थपणे फिरतेच आहे. त्या दोन गतींमधला ताण म्हणजे ही रचना. खालची ओळ ज्याला ऐकू येत नाही त्याला वरची चाल नुसती किंकाळी वाटते. ऐकू यायला लागली की तीच चाल अंगावर काटा आणते.

आणि मग पहिल्या अल्बममधलं 'द डान्स ऑफ माया'. यासाठी वेळ काढा. माझ्या मते या बँडची सगळी कल्पना एका जागी बघायची तर ती इथे. सुरुवातीला गिटारवर तुटक, कडवट सुरावटींची एक ओळ आहे, वीस मात्रांची. ती पुरेशी मुरल्यावर थांबते आणि अगदी वेगळं काहीतरी सुरू होतं: झोका देणारी, जवळजवळ खट्याळ अशी ब्लूजची धून. ऐकताना वाटतं दोन वेगळी गाणी चिकटवली आहेत. पण ही ब्लूजची धूनसुद्धा वीसचीच आहे, फक्त तिची आतली वाटणी निराळी. शेवटाकडे बँड दोन्ही ओळी एकावर एक चढवतो. कडवट ओळ आणि ब्लूज एकाच वेळी चालतात आणि एकाच समेवर भेटतात. तोवर तुम्ही दोन्ही ओळी पाठ केल्या असतील तर त्या क्षणी जे समजतं त्याला तोड नाही. म्हणून ही रचना पार्श्वभूमीला लावू नका. आधी पहिली ओळ, मग दुसरी, मग शेवट.

दुसऱ्या अल्बममध्ये 'सिलेस्टियल टेरेस्ट्रियल कम्यूटर्स' नावाची एक रचना आहे, एकोणीसची आणि भन्नाट जलद. ती आत्ता मोजायला जाऊ नका.

पायरी ५: मोजणी बाजूला ठेवून ऐका

सारखं मोजत राहिलं तर संगीत राहून जातं. म्हणून 'द नूनवर्ड रेस'. इथे विषम मात्रांचा पेच नाही, सरळ, प्रचंड वेगाची दौड आहे. व्हायोलिन, मग कीबोर्ड, मग गिटार असे सोलो एकामागून एक येतात, त्यामुळे पायरी १ मधले आवाज ओळखण्याचा सराव इथे उत्तम होतो. मॅक्लॉफलिन आणि कोबम एकमेकांना कसे भिडतात तेही ऐका. गिटारला ड्रम साथ देतोय असं इथे कधी वाटत नाही. दोघेही सोलोच घेतायत.

दम लागला की 'अ लोटस ऑन आयरिश स्ट्रीम्स' लावा. ड्रम नाही, बास नाही. साधी गिटार, व्हायोलिन आणि पियानो. हे तिघे किती हळुवार वाजवू शकतात ते इथे कळतं. दुसऱ्या अल्बममध्ये 'थाउजंड आयलंड पार्क' हीच भूमिका बजावतं.

पायरी ६: अल्बम सलग, मग 'वन वर्ड'

आता दोन्ही अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, छापलेल्या क्रमाने. जी रचना सुरुवातीला टाळली तिच्यापासूनच पहिला अल्बम सुरू होईल. त्या थरथरत्या, कोसळणाऱ्या सुरावटींनंतर जी ओळ फिरायला लागते ती तुम्ही आता लगेच पकडाल.

'बर्ड्‌स ऑफ फायर' हा अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत गेला होता. शब्द नसलेल्या, इतक्या अवघड संगीतासाठी ही मोठीच गोष्ट. त्यातली सगळ्यात लांब रचना 'वन वर्ड', सुमारे दहा मिनिटांची. हिच्या मधल्या भागात लेअर्डचा बास एक ओळ धरतो आणि गिटार, मूग, व्हायोलिन आळीपाळीने वाक्यं टाकतात. वाक्यं आखूड होत जातात, तिघे एकमेकांच्या अंगावर येतात. सवाल-जवाबाची सवय असलेल्या कानाला हे लगेच भिडतं. त्यानंतर कोबमचा एकट्याचा ड्रम, आणि त्यातूनच उगवणारं तेराचं आवर्तन. तेरा आधीपासून शोधू नका. ड्रम संपता संपता ते आपोआप जमू लागतं.

याच सुमारास एकदा त्यांना वाजवताना बघा. १९७२ सालचं बीबीसीसाठी केलेलं चित्रण आहे. मॅक्लॉफलिनच्या गळ्यात दोन मानांची गिटार, सहा तारांची एक आणि बारा तारांची दुसरी. फिरणाऱ्या ओळींसाठी तो बऱ्याचदा बारा तारांच्या मानेवर जातो, म्हणून त्या ओळी तशा झगमगतात. कोबमच्या हातांकडे विशेष बघा. बहुतेक ड्रमर उजवा हात डाव्यावरून नेऊन हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, वाजवतात. कोबम डाव्या हाताने वाजवतो, त्यामुळे हात एकमेकांना आडवे येत नाहीत आणि उजवा हात बाकीच्या ड्रमवर फिरायला पूर्ण मोकळा राहतो. त्याच्या वाक्यांना जो मोकळेपणा आहे त्याचं एक कारण डोळ्यांनी दिसतं.

पायरी ७: राग शोधू नका

नाव महाविष्णू, रचनेचं नाव माया, गुरू भारतीय. त्यामुळे आपल्याकडचा श्रोता राग शोधायला लागतो आणि सापडला नाही की 'वरवरचं आहे' असा शेरा मारतो. हा अन्याय आहे. इथे रागाची बढत नाही आणि तसा दावाही नाही. सुरावटी एकमेकांवर आपटतात, पट्टी बदलते, स्वर मुद्दाम विसंवादी ठेवले जातात. रागसंगीतात हे बसणारच नाही. भारतीय संगीताकडून जे आलं ते लयीच्या अंगाने आलं. मॅक्लॉफलिन त्या वर्षांत अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होता, म्हणजे त्याची ओढ कर्नाटक संगीताकडे होती. पुढे २००७ मध्ये त्याने घटमवादक विनायकराम यांचा मुलगा सेल्वागणेश याच्याबरोबर कोन्नक्कोलचे, म्हणजे तोंडाने बोल म्हणण्याच्या पद्धतीचे, धडे डीव्हीडीवर काढले. लयीचं प्रेम त्याला आयुष्यभर पुरलं.

रचनांच्या नावांमधलं अध्यात्म पटलं नाही तरी ऐकण्यात काही अडत नाही. पण मॅक्लॉफलिनने ते मनापासून लिहिलं होतं, एवढं ध्यानात असावं.

पायरी ८: पुढे कुठे

१९७४ चा 'अपोकॅलिप्स' हा नव्या संचाचा अल्बम. व्हायोलिनवर ज्याँ-ल्यूक पाँती, ड्रमवर नारदा मायकल वॉल्डन, सोबत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, निर्माता जॉर्ज मार्टिन. इथे गाणाराही आवाज आहे. मोठा पट आवडणाऱ्यांनी जरूर ऐकावा. मला मात्र पाच जणांची ती धार त्यात कमी वाटते. १९७५ चा 'व्हिजन्स ऑफ द एमरल्ड बियाँड' त्याहून घट्ट आहे. कोबमचा स्वतःचा १९७३ चा 'स्पेक्ट्रम' सोडू नका. त्यात हामरही आहे आणि लेहऱ्याची युक्ती तिथेही चालते, अधिक मोकळ्या, नाचऱ्या अंगाने.

मराठी श्रोत्याला सगळ्यात जवळची वाट मात्र 'शक्ती' या संचाची. मॅक्लॉफलिन, झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विनायकराम. पहिला अल्बम ५ जुलै १९७५ च्या मैफलीचा, १९७६ मध्ये निघालेला. विजेची वाद्यं गेली, पण धावण्याची ओढ तीच. तो ऐकताना महाविष्णूच्या रचना नव्याने कळतात, कारण जे लयीचं गणित तिथे ड्रमखाली दडलं होतं ते इथे तबला आणि घटमवर उघडं आहे. पुढच्या काळातल्या 'रिमेंबर शक्ती' या संचाचा २००१ चा 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' मुंबईच्या मैफलीतला आहे. त्यात शिवकुमार शर्मा आणि शंकर महादेवन आहेत. शंकर महादेवन पुढे शक्तीतच राहिले, आणि 'धिस मोमेंट' या २०२३ च्या अल्बमला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळाला. झाकीरभाई त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेले.

मूळ पाच जणांचं आणखी ऐकायचं असेल तर दोन गोष्टी शेजारी ठेवा. एक, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या ऑगस्ट १९७३ च्या मैफलीचा 'बिट्वीन नथिंगनेस अँड इटर्निटी'. दुसरी, त्याच वर्षी जूनमध्ये लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत ध्वनिमुद्रित होऊन १९९९ पर्यंत पडून राहिलेला 'द लॉस्ट ट्रायडेंट सेशन्स'. हामरची 'सिस्टर अँड्रिया' दोन्हींत आहे. स्टुडिओतली आधी ऐका, तिची ओळ पक्की करा आणि मग मैफलीतली लावा.